रूबीच्या मागोमाग

जुनी गाडी ओळखण्यात आमच्या विदरडेल गावात माझा हात धरील असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. हे मी म्हणत नाही, गावातले लोक म्हणतात. म्हणजे मी दोन-चारदा सांगितल्यावर म्हणायला लागले. नुसतं चाक दाखवा, मी साल सांगतो. दिवा दाखवा, कारखाना सांगतो. आवाज ऐकवलात तर मालकानं तेल शेवटचं कधी बदललं तेही सांगतो. माझी बायको ग्लेनिस म्हणते, "गेल्या वर्षी मी चष्मा बदलला, तो तुला अजून कळलेला नाही." पण तो विषय वेगळा.

माझी नोकरी गॅसचे मीटर वाचायची. मीटर असायचे घराच्या मागच्या अंगाला, पडवीत, नाहीतर गॅरेजात. त्यामुळे या खोऱ्यात कुणाच्या ताडपत्रीखाली काय दडलंय हे जेवढं मला ठाऊक, तेवढं त्यांच्या वारसांनाही ठाऊक नसेल. निवृत्त झालो आणि मीटर सुटले, गाड्या काही सुटल्या नाहीत. रोज सकाळी डोक्यावर टोपी चढवून गावातून एक फेरी मारतो. गाडी दिसली की थांबतो, चारी बाजूंनी बघतो, मनातल्या मनात नमस्कार करतो आणि पुढे जातो. यात कुणाला त्रास नाही, कुणाचं नुकसान नाही. असं मला वाटत होतं.

त्या गुरुवारी ग्लेनिसनं मला बाजारात पाठवलं होतं. तिची बहीण जेवायला यायची होती आणि गोडाला रुबार्ब हवा होता. त्याचे लांबलचक लाल देठ भाजीवाल्यानं तपकिरी कागदात गुंडाळून दिले. ती जुडी काखोटीला मारून मी पुलापर्यंत आलो आणि जागीच थबकलो. पलीकडून एक आवाज येत होता. शिलाई मशीनला सर्दी झाली तर ते जसं शिंकेल, तसा.

वळणावरून ऑस्टिन सेव्हन आली, तीसच्या दशकातली ती चिमुकली मोटार. साधीसुधी नाही, त्यातली रूबी! तपकिरी अंग, काळे मडगार्ड, आणि समोर दोन दिवे असे की एखादी म्हातारी चष्म्यावरून बघतेय. मी नऊ वर्षांचा असताना शाळेतल्या बाईंची अशीच एक होती. पावसाच्या दिवशी त्यांनी मला एकदा घरापर्यंत सोडलं होतं. त्यानंतर मी रूबी पाहिल्या त्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यात, दोरीच्या पलीकडे. त्या मी धरत नाही. पिंजऱ्यातला वाघ बघून रानात वाघ पाहिला असं कुणी म्हणत नाही. आज साठ वर्षांनी माझ्याच गावात, माझ्याच रस्त्यावर, ती आपली आपण चालत होती.

चालवणारं कोण, ते मी पाहिलं नाही. चालवणाऱ्याकडे मी कधीच बघत नाही.

रूबी चर्चच्या चढाला लागली आणि मी तिच्या मागे पळत सुटलो. चढ असा आहे की तो चढताना रूबीचाही जीव मेटाकुटीला आला होता. त्यामुळेच मला आशा होती. एकोणसत्तर वर्षांचा माणूस काखेत रुबार्ब घेऊन चढावर धावताना पाहून बेकरीवाली बाहेर आली. तिनं ग्लेनिसला फोन करून सांगितलं की लेनर्डचं काहीतरी झालंय, तो भाजी घेऊन पळतोय. भाजीचे पैसे दिले होते का, असं ग्लेनिसनं विचारलं म्हणे. नवऱ्याच्या प्रकृतीची चौकशी नंतर.

वर पोचलो तेव्हा रूबी चर्चच्या दाराशी उभी होती आणि आत कुणी नव्हतं. मी आधी श्वास घेतला, मग दर्शन घेतलं. काचेतून आत बघितलं. डाव्या सीटवर चौकड्यांची लोकरी घोंगडी नीट घडी करून ठेवलेली. पुढच्या कप्प्याचं दार मोडलेलं, पण ते हिरव्या सुतळीनं बांधलेलं आणि सुतळीला चक्क फुलाची गाठ. पेपरमिंटच्या गोळ्यांचा डबा. मूठ चिकटवून दुरुस्त केलेली छत्री. एक कागद, त्यावर 'अंडी, मेणबत्त्या, डॉरिसकडे जाणे'. गाडी बघितली की माणूस कळतो, हा माझा सिद्धांत. हा माणूस तर मला आरपार कळला.

तेवढ्यात काळ्या कोटातली पन्नाशीची एक बाई चर्चमधून बाहेर आली. मला गाडीपाशी बघून ती थांबली.

"दर्शनाला आलात का?" तिनं हळूच विचारलं.

दर्शन! इतक्या वर्षांत रूबीला शोभेलसा शब्द वापरणारं पहिलंच माणूस मला भेटत होतं. मी म्हणालो, "हो. पुलापाशी कळलं आणि तसाच मागोमाग आलो."

"जुनी ओळख?"

"नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून मनात घर करून आहे. मधली साठ वर्षं मात्र भेट नाही."

तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, काय जातिवंत घराणं आहे. गाडीची गोष्ट काढली की डोळ्यांत पाणी.

"मार्चमध्ये सत्त्याऐंशी पूर्ण झाली," ती म्हणाली.

मी मनात हिशेब केला. म्हणजे सदतीस सालचा जन्म. दिव्यांवरून मीही तेच साल धरलं होतं. मी म्हणालो, "वाटत नाही हो सत्त्याऐंशी. सगळं मूळचंच आहे, की काही बदललंय?"

ती जरा गोंधळली. "एक गुडघा बदलला होता. डावा."

ऑस्टिन सेव्हनला गुडघा असतो हे मला ठाऊक नव्हतं. पण आमच्या क्षेत्रात न कळणारा शब्द आला की गंभीरपणे मान हलवायची असते. मी हलवली. "डावाच जातो नेहमी," असंही म्हणालो.

मग मी ज्यासाठी चढ चढून आलो होतो ती विनंती केली. "तुमची हरकत नसेल तर झाकण उघडून दोन मिनिटं आत बघता येईल का?"

तिनं भिंतीला हात टेकला. थोड्या वेळानं म्हणाली, "झाकण कालच लावून टाकलंय. पण तुमची इतकी इच्छा आहे, तर मी त्यांना विचारते." आणि माझ्या काखेतली जुडी तिनं दोन्ही हातांनी अलगद घेतली. मला वाटलं, देठाचा ओरखडा रंगाला जाऊ नये म्हणून घेतली असेल. मी मनात तिला आणखी दहा गुण दिले.

ती परत आली ती हात धरून मला आत घेऊन गेली. झाकण उघडता येणार नाही असं ते म्हणतात, पण जवळ उभं राहायला हरकत नाही, असं ती सांगत होती. गाडी बाहेर आणि आपण आत कुठे निघालो, हा प्रश्न मला पडायच्या आधीच आम्ही वेदीपाशी पोचलो. तिथं शवपेटी होती. पेटीवर एक पांढऱ्या फुलांचं चक्र होतं आणि चक्राच्या शेजारी, तपकिरी कागदातून डोकावणारा, ग्लेनिसचा रुबार्ब होता.

गुडघ्याचा अर्थ मला तेव्हा लागला.

मी तिथून पळालो का नाही, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. पळणारच होतो. पण मागे वळून बघितलं तर एवढ्या मोठ्या चर्चमध्ये इनमिन सहा माणसं. पहिल्या बाकावर चाकांच्या खुर्चीत एक नव्वदीची म्हातारी, मागे एक शेजारी जोडपं, फायलीसारख्या चेहऱ्याचा एक सरकारी माणूस, आणि अंत्यविधीवाल्यांचे दोघे, जे पगारी होते. ती बाई, तिचं नाव जोसलिन, मला म्हणाली, "बाबांसाठी कुणी येईल असं वाटलंच नव्हतं. तुम्ही आलात, फार बरं वाटलं." एवढं ऐकल्यावर 'मी तुमच्या बाबांसाठी नाही, तुमच्या गाडीसाठी आलो' हे सांगायला जी छाती लागते, ती माझ्याकडे नाही. तिला नाव तेवढं सांगितलं, लेनर्ड बिकरडाइक, आणि तिच्या शेजारी बसलो.

विधी सुरू झाला. पाद्रीबाई नवीन होत्या, दोन आठवड्यांपूर्वीच गावात आलेल्या, तरतरीत, आखूड पांढऱ्या केसांच्या. फिलिपा क्राउदर त्यांचं नाव. मी चर्चला जातो तो नाताळात, त्यामुळे त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. त्यांच्याकडूनच मला कळलं की गेलेल्या गृहस्थांचं नाव क्लिफर्ड हेग. एक प्रार्थना झाली, एक गाणं झालं. सहा माणसांनी त्या एवढ्या छताखाली गायलेलं गाणं कसं वाटतं ते सांगत नाही. मग जोसलिननं उठून पाद्रीबाईंच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्या म्हणाल्या, "क्लिफर्डना लहानपणापासून ओळखणारे एक स्नेही आज इथं आहेत. ते दोन शब्द बोलतील."

मी वळून बघितलं की हे स्नेही कोण. सगळे माझ्याकडे बघत होते.

पुढे जाऊन उभा राहिलो तेव्हा माझे गुडघे, दोन्ही मूळचे, लटपटत होते. हेगसाहेबांबद्दल मला काय माहीत होतं? काहीच नाही. पण त्यांची गाडी मी पाच मिनिटं डोळे भरून बघितली होती. सिद्धांत हाताशी होता. तोच धरून मी बोलायला लागलो.

मी म्हणालो की क्लिफर्ड हेग हा मोडलेली वस्तू टाकून न देणारा माणूस होता. मोडलं ते तो बांधून ठेवायचा, आणि बांधताना गाठसुद्धा फुलासारखी मारायचा. मागच्या बाकावरचा शेजारी बायकोकडे बघू लागला. मी म्हणालो की त्यांना सोबतीला बसणाऱ्याची काळजी असायची, कुणाला थंडी वाजू नये म्हणून ते घोंगडी तयार ठेवायचे, वाटेत कुणी भेटलं तर पेपरमिंटची गोळी पुढे करायचे. सरकारी माणसानं चष्मा काढून पुसला. देवाधर्माची ओढ होती, मेणबत्त्या संपू दिल्या नाहीत, असं मी म्हणालो तेव्हा चाकांच्या खुर्चीतली म्हातारी पुढे वाकली आणि तिनं कानामागे हात धरला. मी आपला रंगात आलो होतो. म्हणालो, "आणि डॉरिसला ते शेवटपर्यंत विसरले नाहीत."

"कोण डॉरिस?" म्हातारीनं मोठ्यानं विचारलं.

जोसलिनही माझ्याकडे बघत होती. मला घाम फुटला. पाण्यात पडलेला माणूस ओंडक्याला मिठी मारतो तशी मी गाडीला मिठी मारली. म्हणालो, "पण त्यांचा खरा जीव होता तो बाहेर उभ्या असलेल्या त्या लहानशा गाडीवर. इतक्या प्रेमानं गाडी सांभाळणारा माणूस वाईट असूच शकत नाही."

मग माझ्या उजव्या बाजूला कुणीतरी खाकरलं. पाद्रीबाई होत्या.

"मिस्टर बिकरडाइक," त्या शांतपणे म्हणाल्या, "ती गाडी माझी आहे. आणि डॉरिसही माझीच. म्हणजे कोंबडीवाली. तिच्याकडून मी अंडी आणते."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटायचे प्रसंग माझ्यावर पूर्वीही आले आहेत, पण तेव्हा समोर शवपेटी नव्हती. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी खरं सांगून टाकलं. म्हणालो, मी गाडीमागून आलो. हेगसाहेबांना मी कधी पाहिलं नाही, त्यांच्याशी कधी बोललो नाही. झाकण म्हणालो ते गाडीचं. आणि तो रुबार्ब माझ्या मेव्हणीसाठी आहे.

मग त्या म्हातारीच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. त्या हेगसाहेबांच्या थोरल्या बहीण, एनिड आत्या. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "थांबू नकोस राजा, बोल पुढं. आमच्या क्लिफर्डबद्दल इतकं चांगलं मी नव्वद वर्षांत पहिल्यांदाच ऐकतेय."

त्यावर जोसलिनचा बांध फुटला, मग शेजाऱ्यांचा, मग पगारी दोघांचाही. सरकारी माणूस तर कपाळ बाकाला टेकून हसत होता. तो नगरपालिकेच्या रस्ते विभागातला निघाला. हसू ओसरल्यावर त्यानं सांगितलं की क्लिफर्ड हेग यांनी गेल्या चाळीस वर्षांत त्यांच्या कचेरीला एक हजाराच्या वर पत्रं लिहिली आणि प्रत्येक पत्राचा विषय एकच: गावातल्या गाड्या हटवा. जुन्या, नव्या, चालत्या, उभ्या, सगळ्या. हेगसाहेब आयुष्यात कधी गाडीत बसले नाहीत. आज या पेटीतून होत होता तोच त्यांचा गाडीतला पहिला प्रवास. आणि चर्चमध्ये ते शेवटचे आले होते तेही दारापुढच्या गाड्यांची तक्रार करायला.

विधी कसाबसा पार पडला. मी टोपी हातात घेऊन मागच्या दारानं सटकत होतो, तेवढ्यात जोसलिननं मला गाठलं. मी माफी मागायला लागलो तर ती म्हणाली, "घरी चला. चहा आहे, हॅमची सँडविचं तीस माणसांची करून बसलेय. आणि तुम्हाला काहीतरी दाखवायचंय." ती माझ्या टोपीकडे बघत होती.

हेगसाहेबांचं घर चॅपल लेनच्या कोपऱ्यावर होतं. समोर दातांच्या डॉक्टरांची निळी गाडी नेहमी उभी असते, तिच्यासाठी मी दर मंगळवारी तिथं थांबत असे. गेली अकरा वर्षं. त्या घराला पहिल्या मजल्यावर खिडकी आहे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चाकांच्या वर मी कधी बघितलंच नव्हतं.

जोसलिननं मला त्या खिडकीपाशी नेलं. तिथं एक खुर्ची होती आणि शेजारी वह्यांची चळत. तिनं एक वही उघडून माझ्या हातात दिली. बारीक, टोकदार अक्षर होतं.

'मंगळवार, दहा वाजून पाच. टोपीवाला आला. निळ्या गाडीभोवती तीन फेऱ्या. चाकापाशी वाकून बघितलं. काही चोरलं नाही.'

'मंगळवार, दहा वाजून दहा. टोपीवाला उशिरा. पाऊस असूनही छत्री नाही. मूर्ख माणूस.'

'मंगळवार. पोलिसांकडून उत्तर आलं. म्हणतात, तो बिकरडाइक आहे, सोडून द्या. मी सोडणार नाही.'

अकरा वर्षांचे मंगळवार होते. मी उभ्या उभ्याच वाचत राहिलो. जोसलिन म्हणाली, "आई गेल्यावर बाबांनी सगळ्यांशी भांडण केलं, माझ्याशीसुद्धा. मी महिन्यातून एकदा फोन करायची. काय चाललंय विचारलं की तुमचंच सांगायचे. टोपीवाला आला, टोपीवाला असा उभा राहिला. मला वाटायचं, त्यांच्या मनाचा खेळ असेल. चर्चच्या दारात तुम्हाला पाहिलं तेव्हा टोपीवरून काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण काय ते कळेना."

मग तिनं मागच्या वर्षीच्या जानेवारीचं पान काढून दिलं. तेव्हा मी न्यूमोनियानं पाच आठवडे अंथरुणाला खिळलो होतो.

'मंगळवार. टोपीवाला आला नाही.' खाली पुढचा मंगळवार. 'आला नाही.' त्याखाली, 'आजही नाही. आजारी असावा. म्हातारा झालाय, कुणी तरी बघणारं असेल ना घरी.' आणि मग फेब्रुवारीतलं एक वाक्य, ज्याच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या: 'आला. बारीक झालाय. गाडीभोवती एकच फेरी मारली. पण आला.'

मी सँडविच खाल्लं की नाही ते आता आठवत नाही. खिडकीतून खाली निळी गाडी स्वच्छ दिसत होती. पण मी तिच्याकडे बघत नव्हतो.

ती वही जोसलिननं मला दिली. घरी पोचायला अडीच वाजले. मेव्हणी जेवून गेली होती, गोडाशिवाय. ग्लेनिस दारातच उभी होती. मी सगळं सांगितलं. रुबार्ब कुठे आहे असं तिनं विचारलं आणि तो हेगसाहेबांबरोबर गेला हे ऐकून तिनं माझ्या हातातली वही काढून घेतली. मग चष्मा लावून वाचायला बसली. नवीन फ्रेम छान आहे, असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, "ही जुनीच आहे. नवी दुरुस्तीला दिलीय."

पाद्रीबाईंनी मला पुढच्या रविवारी रूबीतून फिरवून आणलं. झाकण उघडून आतही बघू दिलं. वाटेत मला पेपरमिंटची गोळी देत म्हणाल्या, "माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललात, पण जरा लवकर बोललात. मी अजून जिवंत आहे."

वही मात्र आता ग्लेनिसच्या ताब्यात आहे. तिच्या मैत्रिणी चहाला आल्या की ती त्यातले निवडक मंगळवार वाचून दाखवते. तिचा सगळ्यात आवडता आहे तो गेल्या ऑक्टोबरमधला. 'टोपीवाल्याचं पोट फार सुटलंय. वाकून चाक बघताना त्रास होतो. बायको बहुतेक गोड जास्त करते.'

मी अजूनही दर मंगळवारी चॅपल लेनला जातो. घर विकायला काढलंय, खिडकीला पडदाही उरलेला नाही. वर कुणी बसलेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी तिथून जाताना मी पोट आत ओढून घेतो.